गोठ्यात जेवढ्या, कुरणावर तेवढ्या: ट्योर्बेल गावाची गोष्ट

स्वित्झर्लंडमध्ये फिस्पहून झेरमाटकडे जाणाऱ्या लाल गाडीत मराठी पर्यटकांचा एखादा गट बऱ्याचदा असतो. मॅटरहॉर्नचं शिखर कधी दिसतं याकडे सगळ्यांचे डोळे लागलेले. वाटेत श्टाल्डेन स्टेशन लागतं, तिथे खोऱ्याचे दोन फाटे होतात आणि गाडी उजव्या फाट्यात शिरते. त्याच बाजूच्या उतारावर, सुमारे १५०० मीटर उंचीवर, उन्हाने काळवंडलेल्या लाकडी घरांचं एक गाव आहे. ट्योर्बेल. वस्ती पाचशेच्या आसपास. स्थानिक बोलीत त्याला ‘टेर्बिल’ म्हणतात. पाहायला जावं असं मोठं देऊळ नाही, किल्ला नाही. पण जगातल्या अनेक विद्यापीठांत सामायिक जमिनीचा विषय निघाला की हेच नाव घेतलं जातं. ते का, हे समजायला बरंच मागे जावं लागतं.

सुरुवात पाण्यापासून करू. स्वित्झर्लंड म्हटलं की आपल्याला ओलं, हिरवंगार, सदा पावसाळी चित्र दिसतं. वालिस हा दक्षिणेकडचा प्रांत तसा नाही. दोन्ही बाजूंच्या उंच रांगा ढग अडवतात आणि फिस्पचं खोरं पर्जन्यछायेत राहतं. श्टाल्डेनच्या परिसरात वर्षाला ५०० ते ६०० मिलिमीटरच पाऊस पडतो. म्हणजे सोलापूरकडच्या माणसाला हे आकडे परके वाटणार नाहीत. अशा उतारावर गवत आपोआप वाढत नाही, त्याला पाणी पाजावं लागतं. म्हणून वरच्या बर्फाळ ओढ्यांपासून डोंगराच्या कुशीतून लांबलांब पाट काढले गेले. जर्मन भाषक वालिसमध्ये त्यांना ‘सुओनन’ म्हणतात. काही ठिकाणी हे पाट कड्याला टांगलेल्या लाकडी पन्हळीतून जातात, आणि ते बांधताना-दुरुस्त करताना माणसं दगावलेली आहेत.

पाट आला की पाळी आली. पाण्याच्या पाळीला तिकडे ‘केर’ म्हणतात. कोणाला किती तास पाणी, कोणानंतर कोण, हे सगळं ठरलेलं. हिशेब लिहिण्यासाठी वह्या नव्हत्या, तेव्हा वालिसच्या वरच्या भागात तो लाकडाच्या पट्ट्यांवर ठेवला जाई. ‘टेसल’ म्हणतात त्या पट्टीला. हातभर किंवा वीतभर लाकूड, एका बाजूला घराण्याची कोरलेली खूण, म्हणजे एखादी फुली, दोन तिरक्या रेघा किंवा एखादा त्रिकोण, आणि दुसऱ्या बाजूला हक्काच्या तासांच्या खाचा. लिहिता-वाचता न येणारा माणूसही बोट फिरवून आपला हक्क वाचू शकत होता. मला तरी कुठल्याही सातबाऱ्यापेक्षा ही पट्टी अधिक विश्वासाची वाटते, कारण जिच्यावर भांडण व्हायचं ती वस्तू सगळ्यांना सारखी कळत होती.

ट्योर्बेलचे लेखी दस्तऐवज १२२४ पासूनचे आहेत. कोणती जमीन कोणाकडे, कशी हस्तांतरित झाली, सामायिक काय आणि खासगी काय, हे त्यांतून दिसतं. त्यातला एक कागद फार महत्त्वाचा, १४८३ सालचा. त्या वर्षी १ फेब्रुवारीला गावकऱ्यांनी एकत्र येऊन डोंगरावरची कुरणं, जंगल आणि पडीक जमीन यांच्या वापरासाठी रीतसर संघटना बांधली. त्यातलं कलम स्पष्ट होतं: बाहेरच्या माणसाने गावात जमीन विकत घेतली, म्हणून त्याला सामायिक कुरणावर गुरं सोडायचा किंवा जंगलात झाड तोडायचा हक्क मिळणार नाही. त्याला गावाचा भागीदार करून घ्यायचं की नाही, हे आधीपासून जमीन आणि पाण्याचे हक्क असलेले लोक ठरवणार. खासगी आणि सामायिक जमिनींच्या हद्दी १५०७ च्या एका नोंदीत पक्क्या झालेल्या दिसतात.

आणि मग १५१७ चा नियम. एका वाक्याचा: हिवाळ्यात ज्याला जेवढ्या गायी पोसता येतात, त्यापेक्षा जास्त गायी त्याने उन्हाळ्यात डोंगरावर पाठवायच्या नाहीत.

या वाक्यापाशी जरा थांबायला हवं, कारण गावाचं सगळं शहाणपण त्यात आहे. आल्प्समध्ये गायींचं वर्ष दोन तुकड्यांत जातं. जूनच्या सुमाराला गुरं वरच्या कुरणांवर चढतात. ट्योर्बेलसाठी हा सगळा परिसर मोसआल्पच्या बाजूचा, गावापेक्षा बराच उंच. सप्टेंबरमध्ये ती खाली येतात आणि मग बर्फ पडला की कित्येक महिने गोठ्यातच. त्या काळात गाय खाते ते उन्हाळ्यात कापून, वाळवून, भारे बांधून माळ्यावर रचलेलं गवत. ते गवत येतं स्वतःच्या खासगी वावरातून, ज्याला स्वतःच्या पाळीचं पाणी दिलं, स्वतःच्या पाठीवर शेण वाहून नेऊन घातलं, स्वतःच्या विळ्याने कापलं. म्हणजे सामायिक कुरणावर तुमचा वाटा किती, हे तुमच्या श्रीमंतीने, बोलघेवडेपणाने किंवा पाटीलकीने ठरत नव्हतं. ते ठरत होतं तुमच्या माळ्यावरच्या गवताने. उन्हाळ्यापुरत्या चार गायी बाजारातून विकत आणायच्या, फुकटच्या चाऱ्यावर पुष्ट करायच्या आणि थंडीआधी विकून टाकायच्या, हा मार्ग पहिल्याच वाक्यात बंद झाला.

शिवाय हा नियम तपासायला फार सोपा होता. कोणाच्या गोठ्यात हिवाळ्यात किती गायी होत्या, हे छोट्या गावात लपत नाही. गुरं वर चढवली जात, तेव्हा ती लगेच मोजली जात. पाठवलेल्या गायींच्या संख्येवरूनच वर्षाच्या शेवटी चीजचा वाटा पडे, त्यामुळे मोजणीत सगळ्यांचाच जीव गुंतलेला. नियम मोडणाऱ्याला दंड करायचा अधिकार ‘गेवाल्टहाबर’ नावाच्या गावच्या अधिकाऱ्याला होता, आणि दंडातली अर्धी रक्कम त्याने स्वतः ठेवायची असे. त्याला डोळे उघडे ठेवण्याचं चांगलंच कारण होतं.

वर चढलेली गुरं प्रत्येकजण आपली आपण राखत नसे. संघटना गुराखी आणि चीज बनवणारे नेमत असे. वर्षातून एकदा सभा, तिथे नियमांवर चर्चा आणि पदाधिकाऱ्यांची निवड. हिमलोटाने पडलेले कोंडवाडे उभारणं, वाटा दुरुस्त करणं, कुरणावर शेण पसरणं ही कामं गायींच्या प्रमाणात वाटली जात. गावाच्या सामायिक श्रमाला ‘गेमाइनवेर्क’ असा शब्द आहे. जंगलाचंही तसंच. कुठलं झाड तोडायचं ते आधी खूण करून ठरायचं, मग घरांच्या गटांमध्ये चिठ्ठ्या पडायच्या, आणि ज्या गटाला जे झाड आलं ते त्यांनी तोडून आपसांत वाटून घ्यायचं. इंधनाला आणि घर बांधायला लागणारं लाकूड असं मिळे. वरच्या उतारावरचं जंगल उघडं पडलं तर हिमलोट थेट घरावर येणार, हे कोणाला सांगावं लागत नव्हतं.

आता खासगी बाजूकडे. वडिलोपार्जित जमीन सगळ्या मुलांमध्ये, मुलगे आणि मुली दोघांमध्ये, सारखी वाटली जाई. त्यामुळे वावरं तुकड्यांची झाली, आणि तुकडे निरनिराळ्या उंचीवर विखुरलेले. खाली द्राक्षमळा, मधे राय (गव्हासारखं एक धान्य) पिकवायच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या पट्ट्या, भाजीचा वाफा, गवताची वावरं. इमारतींचेही वाटे पडत. एकाच घरात एक मजला एका भावाचा, दुसरा दुसऱ्याचा. धान्याच्या कोठारात एखाद्याचा चौथाई हिस्सा.

ते कोठार, ‘श्टाडेल’, जवळून पाहण्यासारखं असतं. जाड लार्च लाकडाच्या ओंडक्यांची खोली, खाली आखूड लाकडी पाय, आणि प्रत्येक पायाच्या माथ्यावर जात्याच्या तळीसारखा एक गोल, चपटा दगड. उंदीर पायावरून वर चढतो, दगडाच्या खालच्या बाजूला येतो, आणि तिथून उलटा लटकत कडेपर्यंत जाणं त्याला जमत नाही. राय सुरक्षित राहते.

त्या रायची भाकरी म्हणावी की पाव, ठरवणं अवघड आहे. काळसर, आंबूस, जड गोल लादी. गावाची भट्टी एकच. ती वर्षातून काही मोजक्या वेळाच पेटे, आणि घराघरांनी पाळीने भाजायचं. थंडगार भट्टीला पहिल्यांदा तापवायला लाकूड सर्वांत जास्त लागतं, म्हणून पहिली पाळी कोणालाच नको असे. मग तिथेही चिठ्ठ्या. भाजलेल्या लाद्या महिनोन्‌महिने टिकत आणि इतक्या कडक होत की त्या कापायला पाटाला खिळवलेला लांब सुरा लागे. आज वालिसच्या राय ब्रेडला भौगोलिक नावाचं संरक्षण आहे, २००४ पासून. ट्योर्बेलमधली जुनी लाकडी घरं, गिरणी आणि भट्टीघर जपण्याचं काम गावकऱ्यांच्याच एका संस्थेने हाती घेतलं.

हे सगळं जगाला कळलं कसं? १९६८ साली गॅरेट हार्डिन या अमेरिकी जीवशास्त्रज्ञाने एक निबंध लिहिला. त्यात सर्वांना मोकळं असलेलं एक कुरण कल्पिलं होतं. प्रत्येकजण आपलं एक जनावर वाढवतो, फायदा त्याचा एकट्याचा, झीज मात्र सगळ्यांच्या वाट्याची. शेवट ठरलेला: कुरण संपतं. यातून अनेकांनी निष्कर्ष काढला की सामायिक जमीन एकतर सरकारने ताब्यात घ्यावी किंवा तिचे तुकडे करून मालक नेमावेत. हार्डिनचं कुरण कागदावरचं होतं. त्यानंतर दोन-तीन वर्षांतच रॉबर्ट नेटिंग हे मानववंशशास्त्रज्ञ ट्योर्बेलला येऊन राहिले. त्याआधी त्यांनी नायजेरियात कोफ्यार शेतकऱ्यांमध्ये काम केलं होतं. इथे त्यांनी चर्चच्या जन्म-मृत्यू-विवाहाच्या नोंदींतून पिढ्यान्‌पिढ्यांची कुटुंबं जुळवली, जुने कागद वाचले, कोणाकडे किती गायी हे मोजलं. १९८१ मध्ये त्यांचा ग्रंथ आला.

नेटिंग यांचं एक निरीक्षण मला फार मोलाचं वाटतं. हे लोक सामायिक मालकीच्या प्रेमात नव्हते आणि खासगी मालकीच्याही नव्हते. जिथे मेहनत घातली की उत्पन्न वाढतं, पीक दरवर्षी भरवशाचं येतं आणि थोडी जागा पुरते, ती जमीन त्यांनी खासगी ठेवली: द्राक्षमळा, भाजी, राय, गवत. जिथे दर एकराला फार थोडं मिळतं, एखाद्या वर्षी बर्फ उशिरा वितळला तर तेही मिळत नाही, आणि जिथे सुधारणा करायला मोठं क्षेत्र व पुष्कळ हात लागतात, ती सामायिक: वरचं कुरण, जंगल, पडीक, पाट, वाटा. तीच माणसं, तीच घरं, आणि दोन्ही पद्धती शेकडो वर्षं शेजारी शेजारी. म्हणजे एक पद्धत मागास आणि दुसरी पुढारलेली, असं म्हणायला जागा उरत नाही.

अमेरिकी अभ्यासक एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० मध्ये हाच अभ्यास हाताशी घेतला. जपानमधली सामायिक डोंगररानं, स्पेनमधल्या व्हॅलेन्सियाचे पाट, फिलिपाइन्समधल्या पाणीसंस्था आणि ट्योर्बेल, अशी दीर्घकाळ टिकलेली उदाहरणं त्यांनी शेजारी ठेवली. त्यांचं म्हणणं असं, की हद्दी स्पष्ट असतील, नियम जागेला साजेसे असतील, वापरणारेच नियम बदलू शकत असतील आणि देखरेख त्यांच्याच माणसांची असेल, तर सामायिक साधन टिकतं. २००९ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. तो मान मिळवणाऱ्या त्या पहिल्या स्त्री. गायरानाबद्दल आपल्याकडे जी चर्चा होते, तिच्यातही ऑस्ट्रॉम यांचं नाव येतं. त्यांच्या मांडणीमागे ट्योर्बेलच्या गोठ्यातल्या गायींची मोजणीही आहे.

पण गावाचं चित्र गोड करून सांगणं त्या माणसांवर अन्याय होईल. जमीन तेवढीच, कुरण तेवढंच, मग माणसं किती मावणार? लग्नं उशिरा होत, अनेकजण अविवाहितच राहत, काही गाव सोडून जात. वाटा मिळेपर्यंत थांबलेल्या त्या आयुष्यांची किंमत कुठल्याच हिशेबात धरलेली नाही. अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात बटाटा आला, तेव्हा तेवढ्याच जमिनीत जास्त तोंडं जगू लागली आणि लोकसंख्या वाढली. २५ जुलै १८५५ ला फिस्पच्या खोऱ्यात मोठा भूकंप झाला आणि आसपासच्या गावांतली घरं, चर्चं पडली.

आणि सभेत बोलायचं कोणी? पुरुषांनी. मुलीला जमिनीत वाटा, पण मताचा अधिकार नाही. मोसआल्प ओलांडून पलीकडे उतरलं की बुर्खेनला लागून उंटरबेख हे गाव आहे. ३ मार्च १९५७ ला तिथल्या ग्रामपरिषदेच्या पाठिंब्याने स्त्रिया मतदानाला आल्या. देशात पहिल्यांदाच. त्यांच्या चिठ्ठ्या वेगळ्या पेटीत टाकल्या गेल्या आणि मोजणीत धरल्या गेल्या नाहीत. संपूर्ण देशात स्त्रियांना मताधिकार मिळायला १९७१ उजाडलं. नेटिंग ट्योर्बेलमध्ये गायी मोजत होते, त्याच सुमाराला.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून बदल डोंगरावरून नाही, खालून आले. १८९१ ला रेल्वे झेरमाटपर्यंत पोचली. पुढे फिस्पमध्ये लोन्झा कंपनीचा रासायनिक कारखाना उभा राहिला. कोविडच्या साथीत मॉडर्ना लशीचा मूळ घटक तिथे तयार होत होता. डोंगरावरचे पुरुष कारखान्याच्या पाळीवर जाऊ लागले आणि परतल्यावर विळा हातात घेऊ लागले. गोठ्याचं आणि वावराचं काम दिवसभर बायकांवर आलं. रायच्या पट्ट्यांवर गवत वाढलं, गायी कमी झाल्या. वालिसच्या वरच्या भागात आज काळ्या तोंडाच्या मेंढ्या पुष्कळ दिसतात, कारण नोकरी करता करता मेंढ्या सांभाळता येतात, दोन वेळा दूध काढायच्या गायी नाही.

डिसेंबर २०२३ मध्ये युनेस्कोने आल्प्समधला उन्हाळी चराईचा हंगाम आणि पारंपरिक पाटपाणी या दोन्हींना अमूर्त वारशाच्या यादीत घेतलं. आता बाहेरून येणारा माणूस गायी घेऊन येत नाही, सुट्टी घालवायला येतो. सुट्टीची घरं डोंगर खाऊन टाकतील या भीतीने २०१२ मध्ये स्विस मतदारांनी प्रत्येक गावात अशा घरांचं प्रमाण २० टक्क्यांवर रोखलं. तरी बाहेरचा स्विस नागरिक आजही ट्योर्बेलमध्ये घर घेऊ शकतो, कर भरू शकतो, आणि तिथे कायम राहायला आला तर पंचायतीच्या निवडणुकीत मतही देऊ शकतो. मात्र मूळ गावकऱ्यांची ‘बुर्गरगेमाइंडे’ ही संस्था वेगळी असते. तिचं सभासदत्व एकतर जन्माने मिळतं किंवा तिने स्वतः दिलं तर. घराच्या खरेदीखताबरोबर ते येत नाही, जसं १४८३ मध्ये येत नव्हतं.