शोधगंगा : विद्यापीठांतले प्रबंध सगळ्यांसाठी खुले करायची व्यवस्था

शोधगंगा म्हणजे भारतातल्या विद्यापीठांत मान्य झालेल्या पीएचडी (आणि पूर्वीच्या एमफिल) प्रबंधांचं ऑनलाइन भांडार, कुणालाही पैसे न भरता वाचता येणारं. ते सांभाळतं गांधीनगरचं इन्फ्लिबनेट, म्हणजे विद्यापीठांच्या ग्रंथालयांना जोडणारं केंद्र, पण प्रबंध गोळा करून, तपासून, वर चढवायचं काम प्रत्येक विद्यापीठाने आपापलं करायचं असतं आणि त्यासाठी विद्यापीठ एक कोऑर्डिनेटर नेमतं, बहुतेक ठिकाणी तो ग्रंथपाल किंवा लायब्ररीतलाच कुणीतरी असतो. शोधगंगाबद्दल बोलताना सर्व्हर, सॉफ्टवेअर यांचीच चर्चा जास्त होते, खरं तर सगळी मदार या कोऑर्डिनेटरवर आहे.

आधी काय होतं तर प्रबंध टाइप व्हायचा, काळ्या किंवा मरून कव्हरमध्ये बाइंडिंग करून त्यावर सोनेरी अक्षरात नाव यायचं, तीन-चार प्रती जमा व्हायच्या आणि त्यातली एक लायब्ररीच्या थिसिस सेक्शनमध्ये जाऊन बसायची. तिथे बसून वाचायचं, घरी न्यायचं नाही, झेरॉक्स काढायची नाही, बाहेरच्या विद्यापीठातला माणूस असेल तर आधी विभागप्रमुखाचं पत्र आणायचं. त्यामुळे नांदेडमधल्या विद्यार्थ्याला कोल्हापुरात त्याच विषयावर दहा वर्षांपूर्वी काय काम झालंय हे कळायचा सोपा मार्गच नव्हता आणि तेच तेच विषय पुन्हा पुन्हा व्हायचे. हे बदलायचा एक लवकरचा प्रयत्न म्हैसूर विद्यापीठाने २०००च्या सुमारास ‘विद्यानिधी’ नावाने केला होता. शोधगंगा सांभाळणाऱ्या इन्फ्लिबनेटचा मात्र पुण्याशी संबंध आहे, १९९१ मध्ये हा प्रकल्प पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्राच्या संस्थेतच सुरू झाला आणि १९९६ मध्ये यूजीसीचं, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचं, स्वतंत्र केंद्र झाला.

खरा धक्का दिला तो २००९च्या यूजीसी नियमांनी. पदवी जाहीर झाल्यावर ३० दिवसांत प्रबंधाची सॉफ्ट कॉपी पाठवायची, असं त्यात आलं. पण पदवी हातात पडलेला माणूस परत सीडी द्यायला कशाला येईल? तो नोकरीला लागलेला असतो, गाव बदललेलं असतं, फोन नंबरही बदललेला असतो. मग २०१६च्या नियमांत क्रम उलटा केला, मूल्यमापन झाल्यावर पण पदवी जाहीर करायच्या आधी प्रबंध इन्फ्लिबनेटकडे गेला पाहिजे. दिसायला एवढीशी दुरुस्ती, पण माझ्या मते कितीही वर्कशॉप घेऊन झालं नसतं ते काम यातनं होतं, कारण आता गरज विद्यार्थ्याला असते, लायब्ररीला त्याच्या मागे धावावं लागत नाही.

विद्यापीठ आधी इन्फ्लिबनेटबरोबर सामंजस्य करार करतं. प्रबंध ठेवायचा जो हक्क त्यात दिला जातो तो अनन्य नसतो, म्हणजे लेखक पुढे त्याचं पुस्तक काढू शकतो, पेपर काढू शकतो, त्याला कुणी अडवत नाही. सॉफ्टवेअर आहे डीस्पेस, एमआयटी आणि एचपी यांनी मिळून बनवलेलं आणि मोफत मिळणारं. प्रबंध एकाच मोठ्या फाइलमध्ये चढवत नाहीत, प्रकरणवार पीडीएफ करायच्या असतात आणि त्यांची नावंही ठरलेली, ०१_टायटल, ०२_सर्टिफिकेट, मग पुढे अनुक्रमणिका आणि एकेक प्रकरण. प्रत्येक प्रबंधाला कायमचा पत्ता मिळतो, त्यात १०६०३ हा आकडा असतो आणि पुढे त्या प्रबंधाचा स्वतःचा क्रमांक, म्हणजे उद्या वेबसाइटची रचना बदलली तरी संदर्भ म्हणून दिलेली लिंक मरत नाही. विषय, गाइडचं नाव, विभाग, कीवर्ड हे सगळं हाताने भरावं लागतं. इथेच घोळ होतात, एकाच गाइडचं नाव तीन तऱ्हेने लिहिलं की शोधणाऱ्याला ते तीन वेगळे लोक वाटतात.

मराठीतल्या प्रबंधांचं दुखणं वेगळं आहे आणि त्याकडे फार कमी लक्ष गेलंय. कित्येक वर्षं आपल्याकडे डीटीपी चालायचं ते श्रीलिपी, आकृती किंवा सीडॅकच्या आयएसएममधल्या सुरेखसारख्या फॉन्टवर, युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर तीच अक्षरं ओळखू येतात त्या पद्धतीत, नाही. अशा फाइलची पीडीएफ डोळ्याला छान मराठी दिसते, पण त्यातली ओळ कॉपी करून दुसरीकडे पेस्ट केली की रोमन अक्षरं आणि चिन्हांचा काला समोर येतो. म्हणजे दलित आत्मकथनांवरचा अख्खा प्रबंध नेटवर आहे, खुला आहे, पण आतला मजकूर सर्चमध्ये सापडत नाही, सापडलाच तर फक्त शीर्षकावरून. त्यात शीर्षक रोमन लिपीत आपापल्या स्पेलिंगने भरलेलं असलं तर तेही नाही. जुने प्रबंध स्कॅन केलेले असतात तिथे तर नुसते फोटो, अक्षर ओळखायला ओसीआर चालवलेलं नसतं. याच कारणाने सॉफ्टवेअरने नक्कल तपासणंही अशा प्रबंधांत नीट होत नाही. विद्यापीठांनी युनिकोडशिवाय मराठी प्रबंध स्वीकारूच नये एवढं जरी सगळीकडे कडक पाळलं तरी पुढच्या पिढीचा प्रश्न सुटेल, त्याला पैसा लागत नाही.

प्रबंध उघडे ठेवायला प्राध्यापकांचा विरोध असतो तो मुख्यतः दोन कारणांनी, चोरी होईल ही भीती आणि पेटंट किंवा पुस्तक अडकेल ही भीती. दुसऱ्यासाठी काही काळ प्रबंध रोखून ठेवायची सोय आहे. पहिल्याबद्दल सांगायचं तर कपाटातल्या प्रबंधाची चोरी पकडणं जास्त अवघड होतं, कारण ताडून बघायला मूळ प्रत कुणाकडेच नसायची. २०१८ मध्ये यूजीसीने वाङ्मयचौर्याचे नियम आणले, १० टक्क्यांपर्यंत साम्य चालतं, ६० टक्क्यांच्या वर गेलं तर नोंदणीच रद्द. तपासायचं सॉफ्टवेअर २०१९ पासून ‘शोधशुद्धी’ योजनेत विद्यापीठांना फुकट मिळायला लागलं.

त्याच २०१८च्या नियमांत अजून एक कलम आहे, प्रत्येक संस्थेने आपल्या वेबसाइटवर स्वतःची रिपॉझिटरी, म्हणजे ऑनलाइन भांडार, करायची आणि त्यात प्रबंधच नाही तर प्राध्यापकांचे पेपर आणि इतर प्रकाशनंही ठेवायची. बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेने हे २००२ मध्येच सुरू केलं होतं आणि केंद्राच्या जैवतंत्रज्ञान व विज्ञान-तंत्रज्ञान विभागांनी २०१४च्या धोरणात आपल्या पैशातून झालेले पेपर खुल्या भांडारात ठेवायला सांगितलं. प्रबंधांसारखा इथे धाक नाही, पेपर ठेवला नाही म्हणून कुणाची पदवी अडत नाही की प्रमोशन थांबत नाही. त्यामुळे एकाच माणसाचा प्रबंध शोधगंगावर फुकट वाचता येतो आणि त्याच प्रबंधातनं काढलेला पेपर मात्र परदेशी जर्नलमध्ये पैसे भरल्याशिवाय उघडत नाही.

सरकारने नोव्हेंबर २०२४ मध्ये मंजूर केलेली ‘वन नेशन वन सबस्क्रिप्शन’ योजना यावर उपाय म्हणून सांगितली जाते, तिचा कारभारही इन्फ्लिबनेटच बघतं. तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपये, ३० प्रकाशक, सुमारे १३,००० जर्नल्स. सरकारी कॉलेजातल्या मुलांना त्याचा फायदा नक्कीच आहे, तालुक्याच्या गावी हे कधी मिळालं नसतं. पण हे वाचण्याचे पैसे आहेत, त्याने पेपर खुला होत नाही. नोकरी सोडून शेती करणारा एखादा कृषी पदवीधर, स्वतंत्र संशोधक, पत्रकार, खासगी दवाखान्यातला डॉक्टर हे सगळे त्या योजनेच्या बाहेरच राहतात, शोधगंगा मात्र त्यांनाही उघडी आहे.

२००९च्या आधीचे प्रबंध हे मोठं काम अजून बाकी आहे. ते स्कॅन करायला पात्र विद्यापीठांना अर्थसहाय्य मिळतं. पुण्याच्या जयकर ज्ञानस्रोत केंद्रात किंवा कोल्हापूरच्या खर्डेकर ज्ञानस्रोत केंद्रात जुन्या मराठी, इतिहास आणि समाजशास्त्राच्या प्रबंधांना मोल आहे, कारण त्यातल्या कित्येकांचं पुस्तक कधी निघालंच नाही. पानं ठिसूळ झाल्यावर बाइंडिंग सोडवून स्कॅन करणं धोक्याचं होतं, त्यामुळे आधी सगळ्यात जुने घ्यावेत, मग प्रत एकच उरली आहे असे, आणि नवीन टाइप केलेले शेवटी.