पिल्लू गंभीर आजारी असताना : उपचार, खर्च आणि आमच्याशी बोलायच्या गोष्टी

आमच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात कुत्र्याचं आजारी पिल्लू घेऊन येणारे बरेच पालक पैशांचा विषय अगदी शेवटी काढतात. तपासण्या होतात, सलाईन लागतं, दोन दिवस जातात आणि मग काउंटरपाशी दबक्या आवाजात विचारणा होते, "अजून किती होईल?" हा प्रश्न पहिल्याच दिवशी विचारा, हीच या पत्रकातली मुख्य विनंती. तुम्हाला किती झेपेल हे आधी कळलं तर उपचारांचा क्रम बदलतो, कधी मार्गच बदलतो. उशिरा कळलं तर बरेचसे पैसे तपासण्यांत गेलेले असतात आणि औषधांना उरत नाहीत. आकडा सांगितला म्हणून कुत्र्यावरची तुमची माया इथे कोणी मोजत नाही.

एवढ्या लहान वयात कसं काय?

काही दोष जन्मतःच असतात : हृदयाजवळची बुजायला हवी होती ती नळी उघडीच राहते, यकृताला वळसा घालून जाणारी रक्तवाहिनी असते, खुब्याचा सांधा सैल असतो. पार्व्हो आणि डिस्टेंपर हे विषाणूंमुळे होणारे आजार बहुधा लसीकरण पुरं व्हायच्या आत गाठतात. गोचिडांमुळे होणारा ताप कोणत्याही वयात येतो. फिट्सचा आजार साधारण सहा महिने ते सहा वर्षं या वयात पहिल्यांदा दिसतो. शिवाय गिळलेला मोजा किंवा चेंडूचा तुकडा आहेच.

यांतल्या बहुतेक आजारांत तुमचं काही चुकलेलं नसतं. लस वेळेवर दिलेल्या पिल्लालाही पार्व्हो होऊ शकतो, कारण आईच्या चिकातून मिळालेलं संरक्षण काही आठवडे लसीलाच काम करू देत नाही. म्हणून तर डोस पुन्हा पुन्हा द्यावे लागतात आणि शेवटचा डोस पिल्लू १६ आठवड्यांचं झाल्यावर देतात. दोष कुणाचा हे शोधण्यात वेळ घालवू नका, त्या वेळाची गरज दुसरीकडे असते.

"या रिपोर्टने औषध बदलणार आहे का?"

आम्ही एखादी तपासणी सुचवली की हे बेधडक विचारा. उत्तर "हो" असेल तर ती तपासणी आधी करू. "नाही, पण नक्की काय ते कळेल" असं असेल तर ती मागे ठेवता येते. फिट्सचंच बघा. पहिली फिट सहा महिने ते सहा वर्षं या वयात आली, किमान २४ तासांच्या अंतराने दोन फिट्स झाल्या, मधल्या काळात कुत्रा अगदी नॉर्मल आहे, डॉक्टरांच्या तपासणीत आणि रक्त-लघवीत काही सापडलं नाही, तर एमआरआय न करताही एपिलेप्सी, म्हणजे फिट्सचा आजार, धरून औषध सुरू करता येतं. एमआरआयसाठी साठवलेले पैसे मग औषधांना आणि रक्तातली औषधाची पातळी तपासायला वापरता येतात. फेनोबार्बिटोन या फिट्सवरच्या औषधाची पातळी स्थिर व्हायला साधारण दोन आठवडे लागतात, त्यामुळे चार दिवसांत "गुण नाही" म्हणून ते सोडू नका. आणि बरं वाटलं म्हणून अचानक बंद तर मुळीच करू नका; तसं केल्यास पूर्वीपेक्षा मोठी फिट येऊ शकते.

पार्व्होत मात्र थांबायला वेळ नसतो. उलट्या, रक्ताचे जुलाब, अंगातलं पाणी झपाट्याने कमी होणं, पांढऱ्या पेशी घसरणं. विषाणूला थेट मारणाऱ्या औषधावर इथे भिस्त नसते. शरीर स्वतः लढेपर्यंत पिल्लाला तगवून ठेवणं हाच मुख्य इलाज. दाखल करून शिरेतून सलाईन देणं हा उत्तम मार्ग, पण महागडा. ते परवडत नसेल तर "मग काहीच नको" म्हणून पिल्लाला घरी नेऊ नका. अमेरिकेतल्या कोलोरॅडो स्टेट विद्यापीठात ४० कुत्र्यांवर केलेला एक अभ्यास २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला. पूर्ण वेळ दाखल ठेवलेल्यांपैकी ९० टक्के वाचले. उरलेल्यांना आधी शिरेतून सलाईन देऊन सावरलं आणि मग कातडीखाली पाणी, उलटी थांबवणारं इंजेक्शन आणि बरेच दिवस टिकणारं अँटिबायोटिक एवढ्यावर ठेवलं. त्यांतले ८० टक्के वाचले. दुसऱ्या पद्धतीत रोज तपासायला आणावं लागतं, घरी रात्रीही कुणीतरी जागं राहावं लागतं आणि प्रकृती ढासळली तर दाखल करावंच लागतं. तरीही हा खरा पर्याय आहे, आणि आम्ही तो देतो. मात्र त्यासाठी पिल्लू पहिल्या-दुसऱ्या दिवशी यायला हवं.

एकदाच मोठा खर्च, की आयुष्यभर थोडा थोडा?

हृदयाजवळची ती नळी उघडी राहिली असेल तर स्टेथोस्कोपमधून सतत घरघर ऐकू येते. ती वेळीच बुजवली तर पिल्लू बहुधा नेहमीसारखं आयुष्य जगतं. तशीच सोडली तर हृदयावर ताण वाढत जातो, औषधं लागतात आणि तरीही बरीच पिल्लं लहान वयातच जातात. ऑपरेशनचा आकडा ऐकून दडपण येतं, पण पैसे उभे करायचेच असतील तर अशा आजारासाठी करा, असं आमचं स्पष्ट मत आहे.

खुब्याच्या सांध्याचं गणित वेगळं. पिल्लू सशासारखं दोन्ही मागचे पाय एकदम उचलून पळतं, जिना टाळतं, उठताना कुरकुरतं. साधारण २० आठवड्यांच्या आत निदान झालं तर एक छोटं ऑपरेशन करता येतं. वय उलटून गेलं की ती संधी जाते. पुढे मांडीच्या हाडाचं डोकं काढण्यापासून पूर्ण सांधा बदलण्यापर्यंत पर्याय आहेत. पण अनेक कुत्र्यांचं वजन आटोक्यात ठेवून, नेमका व्यायाम आणि लागेल तेव्हा वेदनाशामक देऊन वर्षानुवर्षं बरं चालतं. ४८ लॅब्रॅडॉर जन्मभर पाहून २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात भावंडांपेक्षा पाव हिस्सा कमी खाणारी कुत्री साधारण १३ वर्षं जगली, बाकीची ११.२ वर्षं; संधिवातही त्यांना उशिरा झाला. म्हणजे वाटी थोडी कमी भरणं हा फुकटातला इलाज आहे. तो पाळणं मात्र घरातल्या सगळ्यांना जड जातं, हेही आम्ही जाणतो.

कोणत्याही दीर्घ आजारात महिन्याचा आकडा काढून घ्या : औषधं, फेरतपासण्या, रक्ताचे रिपोर्ट, खास आहार असेल तर तोही. तो आकडा वर्षभर पेलेल का, याचा विचार घरी बसून करा.

घरी काय बघायचं

वरचा ओठ उचलून हिरडी बोटाने दाबा. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी व्हायला हवी. हिरडी फिकट, निळसर किंवा पिवळी दिसली तर फोन करून लगेच निघा. हृदयाचा त्रास असलेलं पिल्लू गाढ झोपलं असताना त्याचा श्वास मोजा : छाती अर्धं मिनिट किती वेळा वर येते ते मोजून दुप्पट करा. आकडा वारंवार ३० च्या वर जात असेल तर पुढच्या तारखेची वाट पाहू नका. गुदद्वारातून घेतलेलं तापमान १०१ ते १०२.५ फॅरनहाइट असणं नॉर्मल. नाक गरम लागणं म्हणजे ताप नव्हे.

फिट आली की आधी घड्याळ बघा. तोंडात हात किंवा चमचा घालू नका, कुत्रा आपली जीभ गिळत नाही. आजूबाजूचं सामान सरकवा आणि दुसऱ्या कुणाला तरी व्हिडिओ काढायला सांगा. पाच मिनिटांहून जास्त चालली किंवा एका दिवसात दोन आल्या तर ती इमर्जन्सी आहे. तुमच्या त्या अर्ध्या मिनिटाच्या व्हिडिओने आमचा अर्धा तास वाचतो.

औषधांत बचत करायची तर चिठ्ठी मागून घ्या. बरीच औषधं माणसांच्या दुकानात जेनेरिक स्वरूपात मिळतात आणि आम्ही ती आनंदाने लिहून देतो. पण न विचारता पॅरासिटामॉल किंवा आयबुप्रोफेन देऊ नका, दोन्ही कुत्र्यांना घातक ठरतात. गॅबापेंटिन या वेदनांवरच्या औषधाचं माणसांचं पातळ रूप आणू नका, त्यात झायलिटॉल हे साखरेऐवजी वापरलं जाणारं गोड द्रव्य असू शकतं आणि ते कुत्र्यांना विषारी असतं. तेच औषध कॅप्सूलमध्ये घ्या. घरात औषध देण्याची जबाबदारी एकाच माणसाकडे ठेवा आणि फ्रिजवर कागद लावून खुणा करा, नाहीतर एकच गोळी दोनदा जाते.

बिलाबद्दल

दाखल करण्याआधी आम्ही लेखी अंदाज देतो, त्यावर कमीत कमी आणि जास्तीत जास्त असे दोन आकडे असतात. वरच्या आकड्याच्या जवळ गेलो की पुढचं काही करण्याआधी तुम्हाला फोन करतो. हप्ते हवे असतील तर तेव्हाच सांगा. मोठ्या ऑपरेशनसाठी पशुवैद्यकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयातही चौकशी करा, तिथे अनेकदा खर्च कमी येतो. रिपोर्टच्या प्रती आम्ही देऊ, म्हणजे तपासण्या पुन्हा कराव्या लागणार नाहीत. विमा काढायचा तर आजार दिसायच्या आधी, कारण आधीपासूनचे आजार विम्यात सहसा बसत नाहीत आणि सुरुवातीला प्रतीक्षाकाळही असतो. आजार लपवून विमा काढायला आम्ही मदत करणार नाही, तसं विचारूही नका.

उपचार थांबवायची वेळ आली तर

कधी आजार हाताबाहेर जातो, कधी पैसे संपतात, कधी सांभाळणारी माणसंच थकून जातात. तिन्ही कारणं आमच्यासमोर बोलता येतात. पिल्लू स्वतःहून खातंय का, शेपूट हलवतंय का, बऱ्या दिवसांपेक्षा वाईट दिवस जास्त झालेत का, हे दोन आठवडे कॅलेंडरवर लिहून आणा. मग निर्णय एकत्र बसून घेऊ. दयामरणात आधी गुंगीचं औषध आणि मग भुलीच्या औषधाचा जास्त डोस दिला जातो. काही मिनिटांत श्वास थांबतो. डोळे उघडेच राहतात आणि नंतर एखादा श्वास किंवा स्नायूंची थरथर दिसू शकते, पण त्यात वेदना नसते. लहान मुलांना सोबत आणायचं की नाही, हे घरी ठरवून या.

पार्व्होने पिल्लू गेलं असेल तर त्याच घरात नवं पिल्लू आणायची घाई नको. हा विषाणू महिनोन्‌महिने टिकतो. त्याचं अंथरूण टाकून द्या, फरशी आधी साबणाने स्वच्छ धुवा आणि मग एक भाग ब्लीच, तीस भाग पाणी लावून दहा मिनिटं ओली ठेवा. मातीवर आणि गवतावर ब्लीचचा भरवसा नाही. आणायचंच असेल तर लसीकरण पूर्ण झालेलं कुत्रं आणा, आणि आणण्याआधी आम्हाला एक फोन करा.