घर एकाचं, बल्ब दुसऱ्याचा

ट्रकचे पिवळे पडलेले जुने हेडलाइट काढून बाजारातले नवे बसवले, की पहिल्याच रात्री अनेकांना कोडं पडतं. काच लख्ख, रिफ्लेक्टर आरशासारखा, मग रस्ता आधीपेक्षा अंधारा का? संशय जातो तो बल्बवर, कारण हाताशी येणारी वस्तू तीच. मागची रबरी टोपी काढायची, स्प्रिंग सोडवायची, आतला बल्ब काढून जास्त उजेडाचा घालायचा. हे इतकं सोपं आहे, म्हणूनच ते इतके जण करतात. पण बल्ब आणि त्याचं घर असे सुटे कधी झाले, आणि सुटे झाल्यावरही एकमेकांशी किती बांधलेले राहिले, याचा इतिहास पाहिला तर बऱ्याच फसलेल्या प्रयोगांचं कारण तिथेच सापडतं.

सुरुवातीच्या मोटारींना बदलण्यासारखं काही नव्हतंच. कॅल्शियम कार्बाइडवर पाणी ठिबकायचं, त्यातून ॲसिटिलीन वायू निघायचा आणि दिव्यात ज्योत जळायची. विजेचा दिवा मोटारीवर टिकेना, कारण धक्क्यांनी तार तुटायची. हवी तशी ओढता येणारी टंगस्टनची तार १९१० च्या सुमारास विल्यम कूलिज यांनी साधली आणि हे चित्र बदललं. १९१२ मध्ये कॅडिलॅकने विजेचा स्टार्टर आणि दिवे एकाच व्यवस्थेत आणले, १९१३ मध्ये बॉशने जनरेटर, बॅटरी आणि हेडलाइट असा संच बाजारात ठेवला. त्यानंतर उजेड कमी पडण्याची तक्रार मागे पडली आणि समोरच्याचे डोळे दिपण्याची सुरू झाली. ती आजतागायत संपलेली नाही.

यावर १९२० च्या दशकात निघालेला तोडगा फार हुशारीचा होता. ओसराम या जर्मन बल्ब कंपनीने ‘बिलक्स’ नावाचा बल्ब आणला. त्यात एका काचेत दोन तारा होत्या. अप्परची तार रिफ्लेक्टरच्या नाभीवर (किरण जिथे एकवटतात त्या बिंदूवर), डिप्परची किंचित पुढे, आणि डिप्परच्या तारेखाली पत्र्याची एक इवलीशी वाटी. ही वाटी खाली जाणारा उजेड अडवते. त्यामुळे रिफ्लेक्टरच्या फक्त वरच्या अर्ध्या भागावर प्रकाश पडतो आणि तो परावर्तित होऊन खाली, रस्त्यावर येतो. रिफ्लेक्टरचा निम्मा भाग जाणूनबुजून वाया घालवायचा, का, तर समोरचा आंधळा होऊ नये म्हणून. झोत कुठे पडणार हे आता काही मिलिमीटरांवर ठरू लागलं, आणि ते मिलिमीटर बल्बच्या आत होते. बल्ब निव्वळ उजेड देणारी वस्तू राहिला नाही, तो भिंगाइतकाच दिव्याच्या रचनेचा भाग झाला. आज कोणताही ‘अपग्रेड’ करताना नेमकी हीच गोष्ट विसरली जाते.

अमेरिकेने वेगळी वाट धरली. तिथे १९४० च्या मॉडेलांपासून ७ इंची गोल सीलबीम आला. तार, रिफ्लेक्टर, काच सगळं एकत्र, हवाबंद. तार जळली की अख्खा दिवा फेकायचा. ऐकायला उधळपट्टी वाटते, पण त्या काळी रिफ्लेक्टरवरचा चांदीचा मुलामा हवेने काळवंडत असे. सीलबीममध्ये ती अडचण उरली नाही, आणि तार जागेवरून हलण्याचा प्रश्नच नव्हता. वर प्रत्येक मोटारीला, ट्रकला तोच दिवा लागायचा. १९५० च्या दशकाच्या शेवटी ५¾ इंची चार दिव्यांची आणि १९७५ च्या मॉडेलांपासून चौकोनी दिव्यांची परवानगी मिळाली. लांब पल्ल्याच्या अमेरिकी ट्रकांच्या नाकावर दोन्ही बाजूंना दिसणारे दोन-दोन चौकोनी दिवे हे त्याच काळाचं देणं.

युरोपात बल्ब सुटाच राहिला आणि पुढची झेप तिथेच पडली. हॅलोजन दिव्याची मूळ कल्पना अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये जन्मली, तिचं पेटंट १९५९ चं. साध्या बल्बमध्ये टंगस्टनची वाफ होऊन ती काचेवर काळी बसते. हॅलोजनमध्ये आयोडीन किंवा ब्रोमीन त्या वाफेला काचेवर बसू देत नाही, परत तारेकडे नेतं. त्यासाठी काच खूप तापलेली लागते, म्हणून ती छोटी आणि क्वार्ट्झची करावी लागते. (बोट लावू नका म्हणतात ते यासाठीच. बोटाचा तेलकट डाग तापला की काच तिथे कमकुवत होते.) १९६२ मध्ये एच१ हा मोटारीसाठीचा पहिला हॅलोजन बल्ब आला, पण त्यात तार एकच होती. दोन तारांचा एच४ आला १९७१ मध्ये, आणि बिलक्सची ती वाटीही त्यात जशीच्या तशी होती.

बल्ब बदलून उजेड वाढवण्याचा छंद खऱ्या अर्थाने एच४ ने लावला. ७ इंची गोल सीलबीम काढायचा, त्याच मापाचा एच४ चा युरोपीय दिवा बसवायचा, की काम झालं. अमेरिकेत हे दिवे नियमात बसत नव्हते, तरी शौकीन लोक ते आणून लावत. तिथे अप्परच्या एकूण तीव्रतेवर ७५ हजार कॅन्डेलांची (कॅन्डेला म्हणजे झोताच्या तीव्रतेचं एकक) मर्यादा होती. १९७८ मध्ये ती दीड लाखांवर गेली. दरम्यान रॅलीवाल्यांकडून १००/९० वॅटचे बल्ब रस्त्यावर उतरले. नेहमीचा एच४ ६०/५५ वॅटचा असतो. सॉकेट तोच, बसतो अगदी चपखल, आणि खरी फसगत तिथेच होते. १२ व्होल्टवर ६० वॅटला ५ ॲम्पिअर लागतात, १०० वॅटला ८ पेक्षा जास्त. दोन दिव्यांचे मिळून १६ ॲम्पिअर डॅशबोर्डवरच्या स्विचमधून आणि बारीक वायरीतून गेले, की होल्डर वितळतो आणि स्विच काळा पडतो. दिव्याची काच प्लास्टिकची असेल तर तीही धोक्यात येते.

त्यातून एक चांगली गोष्ट मात्र निघाली. वायरी तपासताना लोकांच्या लक्षात आलं की बल्बपर्यंत पूर्ण व्होल्टेज पोहोचतच नाही. तारेच्या बल्बचा उजेड व्होल्टेजच्या साधारण ३.४ व्या घाताने बदलतो. म्हणजे व्होल्टेज ५ टक्के कमी पडलं तर उजेड सुमारे १६ टक्के घटतो. १० टक्के कमी पडलं तर जवळपास ३० टक्के. जुन्या ट्रकमध्ये गंजलेली अर्थिंग, सैल पिना आणि बॅटरीपासून कॅबिनपर्यंत जाऊन परत येणारी वायर असली, तर एवढी घट सहज होते. बॅटरीपासून जाड वायर, मध्ये फ्यूज आणि रिले (छोट्या प्रवाहाने मोठा प्रवाह चालू-बंद करणारा स्विच), अर्थिंग नीट, एवढं केलं तर तोच जुना बल्ब नव्यासारखा पेटतो. माझ्या मते या सगळ्या इतिहासातला सर्वांत प्रामाणिक अपग्रेड हाच. दिसायला त्यात काही नसतं, म्हणून तो विकलाही जात नाही. व्होल्टेज वाढलं की बल्बचं आयुष्य मात्र वेगाने घटतं, हेही त्यातच आलं.

अवजड ट्रकांची गोष्ट थोडी निराळी. त्यांची यंत्रणा बहुधा २४ व्होल्टची. २४ व्होल्टचा एच४ ७५/७० वॅटचा असतो, तरी वॅटमागे उजेड १२ व्होल्टच्या बल्बपेक्षा कमीच मिळतो: ६० वॅटमध्ये १,६५० ल्युमेन (एकूण उजेडाचं एकक), तर ७५ वॅटमध्ये १,९००. जास्त व्होल्टेजसाठी तार लांब आणि बारीक करावी लागते. बारीक तार हादऱ्यांनी लवकर तुटते आणि लांब तारेचा झोत नीट आवरता येत नाही. ट्रकवाल्यांसाठी म्हणून मजबूत आधाराचे वेगळे बल्ब निघाले ते याच कारणाने. शिवाय ट्रकचा दिवा उंच. अमेरिकी नियम ५४ इंचांपर्यंत उंची चालवून घेतो, संयुक्त राष्ट्रांच्या नियमावलीत डिप्परसाठी सर्वसाधारण मर्यादा १,२०० मिलिमीटरची आहे. एवढ्या उंचीवरून झोत जरासा वर गेला तरी समोरच्या छोट्या गाडीच्या चालकाच्या थेट डोळ्यांत जातो.

बाजारातल्या हेडलाइटांचा पूर यायला १९८३ कारणीभूत ठरलं. फोर्डच्या विनंतीनंतर अमेरिकेने बदलता येणाऱ्या बल्बचे, हव्या त्या आकाराचे दिवे मान्य केले, आणि १९८४ च्या मॉडेलची लिंकन मार्क ७ त्यांच्यासह रस्त्यावर आली. आता प्रत्येक मॉडेलचा दिवा वेगळा झाला. काचेच्या जागी पॉलिकार्बोनेट हे प्लास्टिक आलं, जे उन्हाने पिवळं पडतं. दिवा महाग, तो एकाच कंपनीकडे मिळणार, आणि काही वर्षांत धुरकट होणार. नकलांसाठी याहून सुपीक जमीन कोणती? त्यातच रिफ्लेक्टरचा पृष्ठभाग संगणकावर आखला जाऊ लागला. आधी काचेवरच्या उभ्या रेघा झोत पसरवायच्या, आता ते काम रिफ्लेक्टरच्या बारीक पैलूंकडे गेलं आणि काच सपाट, पारदर्शक झाली. नकलाकाराला पारदर्शक काच आणि चकाकी जमते, पैलूंचा नेमका कोन जमेलच असं नाही. काळ्या कडा, प्रकाशाची वर्तुळं, आतलं भिंग असं सगळं असूनही डिप्परचा झोत विस्कटलेला, असे दिवे पिकअप ट्रकांसाठी ढिगाने विकले गेले. अशा दिव्यात जास्त ल्युमेनचा बल्ब घातला की विस्कटलेला झोत तसाच राहतो, फक्त जास्त प्रखर होतो. शिवाय गाडीच्या पुढ्यातली जमीन उजळते, चालकाला बरं वाटतं, पण त्या उजेडाने त्याची बुबुळं आकसतात आणि लांबचं आणखी कमी दिसतं.

बल्बांच्या अदलाबदलीतली एक युक्ती इथे सांगण्यासारखी आहे. एच११ हा ५५ वॅटचा, सुमारे १,३५० ल्युमेनचा. त्याचाच भाऊ एच९, ६५ वॅटचा, २,१०० ल्युमेनचा. बुडाचा एक दाता घासला की एच९ एच११ च्या जागी बसतो. पण एच११ च्या टोकाला काळा रंग असतो, समोर थेट जाणारा उजेड अडवण्यासाठी. एच९ अप्परसाठी असल्याने त्याला तो नसतो. आत भिंगाचा प्रोजेक्टर असेल तर बऱ्याचदा निभावतं, उघड्या रिफ्लेक्टरमध्ये मात्र चकाकी वाढते. निळसर रंगाचे बल्ब तर उलट्या दिशेनेच जातात: निळी काच उजेड गाळते, वाढवत नाही. ‘१३० टक्के जास्त’ असं छापलेले हॅलोजनही एकूण उजेड दुपटीने वाढवत नाहीत. तार आखूड, घट्ट गुंडाळलेली, आत दाबाखाली झेनॉन. त्यामुळे झोताच्या काही ठिकाणी तीव्रता वाढते आणि किंमत मोजावी लागते ती आयुष्याने.

झेनॉन वायूचा आर्क दिवा, म्हणजे तारेऐवजी दोन टोकांमधल्या विजेच्या ठिणगीने पेटणारा, १९९१ मध्ये बीएमडब्ल्यूच्या ७ मालिकेत आला. ३५ वॅटमध्ये सुमारे ३,२०० ल्युमेन, म्हणून युरोपात त्यासोबत झोताची उंची आपोआप सांभाळणारी यंत्रणा आणि काच धुणारे फवारे सक्तीचे झाले. पुढे याचेच सुटे संच हॅलोजनच्या घरात घालायला विकले जाऊ लागले. हॅलोजनची तार म्हणजे सरळ, सगळीकडे सारखा तेजस्वी दंडगोल. आर्क किंचित वाकलेला आणि टोकांना जास्त तेजस्वी असतो. रिफ्लेक्टर एकासाठी आखला आणि दुसरा आत पेटवला, तर झोताची कड धूसर होते. अमेरिकी नियामकांनी हे संच नियमात बसत नाहीत असं म्हणूनच स्पष्ट सांगितलं.

एलईडीची कथा याच वळणावर येते. चिप चपटी असते, ती एकाच बाजूने उजेड देते, आणि उष्णता समोर न जाता मागे जाते, म्हणून मागे पंखा किंवा ॲल्युमिनियमच्या पाकळ्या. काही ट्रकांत त्या पाकळ्यांवर मागची टोपीच बसत नाही. समोरची काच थंड राहते, म्हणून बर्फाळ प्रदेशात तिच्यावर साचलेला बर्फ वितळत नाही. तारेच्या जागी चिप शक्य तितक्या नेमक्या बसवलेले बल्बही निघाले. २०२० मध्ये जर्मनीत ओसरामच्या एच७ एलईडीला मान्यता मिळाली, पण सरसकट नाही. मान्यतेबरोबर एक यादी येते: गाडीचं मॉडेल आणि तिच्या हेडलाइटवर कोरलेला मान्यता क्रमांक. ज्या घरात हा बल्ब तपासला गेला, तेवढीच घरं त्या यादीत. मूळ दिवा काढून बाजारातला बसवला की काचेवरचा क्रमांक बदलतो, आणि गाडीचं मॉडेल तेच असूनही ती यादीबाहेर जाते.