कोका-कोला ६००

कोका-कोला ६०० ही अमेरिकेतल्या नॅसकार या मोटर रेसिंग संस्थेच्या कप सिरीजमधली सगळ्यात लांब रेस. नॉर्थ कॅरोलायना राज्यात शार्लट शहराला लागून काँकॉर्ड आहे, तिथल्या शार्लट मोटर स्पीडवेवर दरवर्षी मेच्या शेवटी, मेमोरियल डे या सुट्टीच्या आदल्या रविवारी ही रेस होते. दीड मैलाचा ट्रॅक, ४०० लॅप, एकूण ६०० मैल म्हणजे साधारण ९६५ किलोमीटर. मुंबईहून गाडी काढून थेट बंगळुरू गाठण्याइतकं अंतर झालं हे, फक्त इथे सगळी वळणं डावीकडची आणि स्पीड बराच वेळ ताशी २८० किलोमीटरच्या आसपास. सगळं सुरळीत गेलं तरी चार तास लागतात, अपघात किंवा पाऊस मध्ये आला की पाच-सहा तास कुठेच गेले नाहीत.

बाकीच्या मोठ्या रेसेस ४०० नाहीतर ५०० मैलांच्या असतात, त्यामुळे हे जास्तीचे शंभर मैल म्हणजे नुसतं लांबण लावणं आहे असं बऱ्याच जणांना वाटतं. मला ते अजिबात पटत नाही. या रेसची सगळी मजा त्या शेवटच्या शंभर मैलांतच आहे, कारण तोपर्यंत ट्रॅक, गाडी आणि ड्रायव्हर तिन्ही बदललेले असतात.

ट्रॅक कसा उभा राहिला

शार्लटचा आणि स्टॉक कारचा, म्हणजे साध्या शोरूमच्या गाड्यांवर आधारलेल्या रेसिंग गाड्यांचा, संबंध तसा जुनाच. नॅसकारची सुरुवात १९४८ ची, आणि शोरूममधून निघालेल्या गाड्या जशाच्या तशा पळवायच्या या नियमाने त्यांनी पहिली रेस घेतली ती १९ जून १९४९ ला, शार्लटच्याच एका मातीच्या ट्रॅकवर. त्या दिवशी पहिला आलेला ग्लेन डनवे बाद झाला, कारण त्याच्या गाडीच्या मागच्या स्प्रिंगांमध्ये फेरफार सापडला. चोरटी दारू वाहून नेणारे लोक गाड्यांमध्ये असले बदल करायचे, आणि ती गाडी खरंच त्या धंद्यातली होती. जिंकल्याचा मान जिम रोपरला मिळाला.

आताचा ट्रॅक बांधला कर्टिस टर्नर आणि ब्रूटन स्मिथ या दोघांनी. टर्नर स्वतः नावाजलेला ड्रायव्हर, स्मिथ रेस भरवणारा. जमीन घेतली, खणायला सुरुवात केली तर खाली ग्रॅनाइटचा खडक. सुरुंग लावून फोडावा लागला, खर्च अंदाजाच्या कितीतरी पुढे गेला आणि मेमोरियल डेचा मुहूर्त हुकला. शेवटी पहिली रेस झाली १९ जून १९६० ला, नाव होतं वर्ल्ड ६००. डांबर नीट बसलंच नव्हतं, गाड्या फिरायला लागल्या तसे त्याचे तुकडे उडायला लागले. ड्रायव्हरांनी हे आधीच ओळखलं होतं, म्हणून बऱ्याच गाड्यांना पुढून जाळ्या लावल्या होत्या. जॅक स्मिथ चांगला पाच लॅप पुढे होता, पण उडालेल्या एका तुकड्याने त्याची पेट्रोलची टाकी फोडली आणि त्याचा खेळ संपला. जिंकला जो ली जॉन्सन, तोही चार लॅपच्या फरकाने.

पैशाची ओढाताण मात्र संपली नाही. ट्रॅक वाचवायला कर्ज हवं म्हणून टर्नर टीमस्टर्स या कामगार संघटनेकडे गेला, आणि बदल्यात ड्रायव्हरांची युनियन उभी करायला लागला. नॅसकारचे मालक बिल फ्रान्स यांना हे सहन होणारं नव्हतं, त्यांनी १९६१ मध्ये टर्नरवर बंदी घातली, ती उठली १९६५ मध्ये. ट्रॅकही दोघांच्या हातातून गेला. स्मिथने सत्तरच्या दशकात तो परत मिळवला, टर्नरला ते जमलं नाही. ज्याच्या जिद्दीमुळे ही रेस उभी राहिली त्याचं नाव आज रेसच्या दिवशी फारसं कोणी घेत नाही, याचं वाईट वाटतं.

कोका-कोलाचं नाव १९८५ मध्ये जोडलं गेलं आणि पुढच्या वर्षीपासून त्यातला ‘वर्ल्ड’ गेला.

ऊन उतरतं तेव्हा

१९९२ मध्ये ट्रॅकवर फ्लडलाइट लागले आणि पुढच्या वर्षीपासून ही रेस उन्हात सुरू होऊन अंधारात संपायला लागली. तिथले संध्याकाळचे सहा म्हणजे आपल्याकडे सोमवारची पहाटेची साडेतीनची वेळ. मेअखेरीला तिथे सूर्य साडेआठच्या सुमारास मावळतो, म्हणजे पहिले दोन-अडीच तास डांबर चांगलं तापलेलं असतं. तापलेल्या डांबरावर टायरला पकड कमी मिळते, गाडी घसरते. वळणात मागची चाकं बाहेर निसटायला लागली की ड्रायव्हर रेडिओवर ओरडतो, गाडी लूज आहे. मग ऊन उतरतं, डांबर थंड होतं, पकड वाढते, आणि मघाशी लूज असणारी गाडी आता टाइट होते, म्हणजे स्टिअरिंग वळवलं तरी पुढची चाकं वळायला तयार नसतात, गाडी सरळ भिंतीकडे जायला बघते. वळणांवर ट्रॅक २४ अंशांनी कललेला आहे, भिंत अगदी शेजारी असते, त्यामुळे हा फरक अंगावर येणारा असतो.

म्हणून क्रू चीफ, म्हणजे टीमचा तांत्रिक प्रमुख, दुपारी जी गाडी तयार करतो ती मुद्दाम रात्रीचा विचार करून केलेली असते. कोणी सुरुवातीला थोडं मागे राहणं पत्करतो, कोणी आधी पुढे निघून जातो आणि अंधार पडल्यावर हळूहळू मागे पडत जातो. संध्याकाळी सहा वाजता जो सगळ्यात फास्ट तोच दहा वाजता फास्ट असेल असं कधीच धरून चालता येत नाही.

हे बदल करायला संधी मिळते ती फक्त पिटमध्ये, म्हणजे टायर-पेट्रोलसाठी गाडी थांबते त्या जागी, आणि तिथे सेकंद मोजून असतात. गाडी थांबायच्या आतच पाच जण भिंतीवरून उडी मारतात. जॅकवाला पळत उजव्या बाजूला जातो, एका झटक्यात गाडी उचलतो, दोघे टायर बदलायला बसतात, एक जण नवे टायर आणून देतो आणि पाचवा मागून भलामोठा कॅन लावून पेट्रोल ओततो. २०२२ च्या नव्या गाडीपासून चाकाला पाचाऐवजी एकच मोठा नट आहे, त्यामुळे नट खोलायच्या गनचा आवाज एकदाच होतो आणि चाक हातात येतं. उजवी बाजू झाली की सगळे पळत डावीकडे. याच गडबडीत कोणीतरी मागच्या काचेतल्या भोकातून लांब पाना घालून स्प्रिंगवरचा भार एखादा फेरा कमी-जास्त करतो, किंवा नव्या टायरमध्ये हवा जराशी वेगळी भरलेली असते. चारही टायर आणि पेट्रोल, सगळं मिळून दहा-अकरा सेकंद. इतक्या मोठ्या रेसचा निकाल कित्येकदा पान्याच्या त्या अर्ध्या फेऱ्यावर लागतो.

ड्रायव्हरचे हाल वेगळेच. केबिनमध्ये तापमान ५० अंशांच्या वर जातं, अंगात आगरोधक सूट, डोक्यावर हेल्मेट, घामाने दोन-तीन किलो वजन उतरतं. आणि नेमकं शरीर थकलेलं असताना शेवटच्या शंभर लॅपमध्ये सगळ्यात जास्त धोका पत्करावा लागतो.

२०१७ पासून रेसचे शंभर-शंभर लॅपचे चार स्टेज, म्हणजे टप्पे, केलेत, इतर रेसेसना सहसा तीन असतात.

आग आणि त्यानंतर

२४ मे १९६४ च्या रेसमध्ये सातव्याच लॅपला ज्युनियर जॉन्सन आणि नेड जॅरेट यांच्या गाड्या एकमेकींवर आदळल्या, त्यांना चुकवताना फायरबॉल रॉबर्ट्सची गाडी उलटली आणि पेटली. जॅरेटने स्वतः धावत जाऊन त्याला बाहेर काढायला मदत केली. रॉबर्ट्स तेव्हाचा सगळ्यात मोठा स्टार. त्याला दमा होता, कपडे आगरोधक करायला वापरायच्या रसायनाचा त्रास व्हायचा म्हणून तो ते लावत नसे. भाजलेल्या अवस्थेत पाच आठवड्यांहून जास्त झुंजून २ जुलैला तो गेला. आज टाकीच्या आत जी रबरी, सहजासहजी न फुटणारी फ्युएल सेल असते आणि ड्रायव्हरच्या अंगात जो आगरोधक सूट असतो, त्यांच्या मागे हा आणि त्या काळातले असेच इतर अपघात आहेत.

मेमोरियल डे हा युद्धात मेलेल्या सैनिकांच्या आठवणीचा दिवस. रेसच्या दिवशी प्रत्येक गाडीच्या विंडशील्डवर एका शहीद सैनिकाचं नाव असतं आणि त्याचे घरचे लोक ट्रॅकवर हजर असतात. अर्धी रेस झाली की सगळ्या गाड्या पिट रोडवर आणून इंजिनं बंद करतात आणि थोडा वेळ स्तब्ध उभे राहतात.

लक्षात राहिलेले निकाल

सगळ्यात जास्त, पाच वेळा जिंकलाय डॅरेल वॉलट्रिप, त्याच्या मागे चार वेळा जिमी जॉन्सन. १९६१ मध्ये डेव्हिड पीअरसनने अगदी शेवटी टायर फुटलेल्या गाडीने रेषा ओलांडून रेस जिंकली. १९७६ मध्ये जॅनेट गथ्री इथे उतरली आणि पंधरावी आली, नॅसकारच्या मोठ्या सुपरस्पीडवेवर रेस करणारी ती पहिली बाई. १९९४ मध्ये जेफ गॉर्डनने शेवटच्या पिटमध्ये चारऐवजी दोनच टायर बदलले, तेवढे सेकंद वाचवले आणि कप सिरीजमधली पहिली रेस जिंकली. २०१६ मध्ये मार्टिन ट्रूएक्स ज्युनियर ४०० पैकी ३९२ लॅप पहिल्या नंबरवर होता, आणि बरोबर पुढच्या वर्षी ऑस्टिन डिलन फक्त शेवटचे दोन लॅप पुढे राहून जिंकला कारण जिमी जॉन्सनचं पेट्रोल संपलं. २०२२ ची रेस ४१३ लॅपवर गेली, ६१९.५ मैल, नॅसकार कपमध्ये आजवरचं सगळ्यात जास्त अंतर, जिंकला डेनी हॅमलिन.

माझ्या मते शेवटचे शंभर मैल काय करू शकतात हे बघायचं असेल तर २०२५ ची रेस बघावी. रॉस चॅस्टेनची गाडी आदल्या दिवशी प्रॅक्टिसमध्ये मोडली, टीमने रात्र जागून दुसरी गाडी उभी केली आणि तो सगळ्यात मागून, चाळिसाव्या नंबरवरून निघाला. विल्यम बायरन ४०० पैकी २८३ लॅप पहिल्या नंबरवर होता, पहिले तिन्ही स्टेज त्याचेच. पण शेवटी चॅस्टेनची गाडी जास्त चालली, सहा लॅप उरलेले असताना त्याने बायरनला मागे टाकलं. हा फ्लोरिडातल्या कलिंगडं पिकवणाऱ्या घराण्यातला, जिंकल्यावर दरवेळी करतो तसं त्याने ट्रॅकवर कलिंगड आपटून फोडलं.

त्याच दिवशी काइल लार्सन ‘डबल’ करत होता, म्हणजे दुपारी इंडियानापोलिस ५०० (तिथली ५०० मैलांची दुसरी मोठी रेस) आणि संध्याकाळी विमानाने येऊन ही रेस. हे पहिल्यांदा केलं जॉन अँड्रेटीने १९९४ मध्ये, पण दोन्हीकडचे मिळून पूर्ण ११०० मैल आजवर एकट्या टोनी स्टुअर्टने काढलेत, २००१ मध्ये, तिकडे सहावा आणि इकडे तिसरा येऊन. लार्सनच्या नशिबी २०२४ मध्ये पाऊस आला आणि तो पोचला तरी शार्लटला एक लॅपही चालवता आला नाही, २०२५ मध्ये दोन्हीकडे गाडी ठोकली गेली.