बौद्धिक दिव्यांग मुलं आणि नेहमीची शाळा: पार्श्वभूमी

डाउन सिंड्रोम असलेल्या आपल्या लेकीसाठी जय वकील यांनी १९४४ मध्ये मुंबईत शाळा सुरू केली. पुण्यात १९६४ मध्ये सिंधुताई जोशींची ‘कामायनी’ ही अशीच शाळा उभी राहिली. या मुलांना शिकवता येतं, हे महाराष्ट्राला दाखवलं ते अशा पालकांनी आणि कार्यकर्त्यांनी. सरकार मागून आलं, आणि या कामाकडे त्याने शिक्षण म्हणून नाही, कल्याण म्हणून पाहिलं. विशेष शाळांची मान्यता-अनुदानं समाजकल्याणकडे, तर गावातली जिल्हा परिषदेची शाळा शिक्षण खात्याकडे. एकाच घरातली दोन भावंडं अशी दोन खात्यांत वाटली गेली. डिसेंबर २०२२ मध्ये राज्यात स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग झाला, तरी ही वाटणी मिटली नाही. आजच्या बऱ्याच अडचणींचं मूळ मला इथेच दिसतं.

दिव्यांग मुलांना शक्य तिथे नेहमीच्या शाळेत घ्या, हे कोठारी आयोगाने १९६६ मध्येच सांगितलं होतं. १९७४ मध्ये केंद्राची एकात्मिक शिक्षण योजना आली. पण बौद्धिक दिव्यांगांपैकी ‘शिक्षणक्षम’, म्हणजे बुद्ध्यांकावरून शालेय शिक्षण झेपेल असे, ठरतील तेवढ्यांनाच तिथे वाव होता. १९८६ च्या शैक्षणिक धोरणाने हीच रेघ ठळक केली: सौम्य अपंगत्व असेल तर सर्वांसोबत, तीव्र असेल तर शक्यतो जिल्ह्याच्या ठिकाणी वसतिगृहासह विशेष शाळा. आधी बुद्ध्यांक, मग प्रवेश. जुळवून घ्यायचं ते मुलाने. शाळा होती तशीच राहणार.

हा विचार उलटा केला तो १९९४ मध्ये स्पेनमधल्या सालामांका परिषदेने: मुलाप्रमाणे शाळेने बदलावं. भारताने दिव्यांग हक्कांचा संयुक्त राष्ट्रांचा करार २००७ मध्ये मंजूर केला आणि २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात समावेशक शिक्षणाची, म्हणजे दिव्यांग आणि इतर मुलांनी एकत्र शिकण्याची, व्याख्या आली. मधल्या काळात, २०१२ च्या दुरुस्तीने शिक्षणहक्क कायद्यात तीव्र दिव्यांगत्व असलेल्यांना घरी शिकण्याचा पर्याय मिळाला. काही मुलांना तो खरोखर लागतो. पण नाव पटावर आणि मूल घरात, अशी पळवाटही त्यातून निघते, याची मला काळजी वाटते.

राहिला प्रश्न शिक्षकांचा. महाराष्ट्रात विशेष शिक्षक वर्षानुवर्षं कंत्राटी मानधनावर एकेकट्याने अनेक शाळा सांभाळत आले. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये प्रमाण ठरवून दिलं: प्राथमिकला १० दिव्यांग मुलांमागे एक विशेष शिक्षक, त्यापुढच्या वर्गांना १५ मागे एक. पदं मंजूर करून जाहीर करा, असं राज्यांना बजावण्याची वेळ मार्च २०२५ मध्ये न्यायालयावर पुन्हा आली.