खताच्या ड्रममधला सामू

जळगावच्या रावेर-यावल पट्ट्यात मृगबाग (पावसाळ्याच्या सुरुवातीची लागवड) असो की कांदेबाग (पावसाळ्यानंतरची), केळीला ड्रिपमधून खत सोडायचं तर आधी ड्रममध्ये घट्ट द्रावण करावं लागतं. पन्नास लिटर पाण्यात पाच किलो १२:६१:०० (मोनो अमोनियम फॉस्फेट) विरघळवलं, तर लिटरला १०० ग्रॅम, म्हणजे जवळपास ०.८७ मोल झालं. मॅग्नेशियम सल्फेट त्याच मापाने घेतलं तर ०.४ मोलच भरतं, पण त्याच्या आयनांवर, म्हणजे विरघळल्यावर सुट्या होणाऱ्या भारित तुकड्यांवर, दोन-दोन भार असल्यामुळे आयनी तीव्रता (आयनांची संख्या आणि भार मिळून येणारं माप) १.६ वर जाते. या ड्रममध्ये सामू, म्हणजे आम्लता सांगणारा पीएच, मोजला तर एक आकडा येतो, तेच द्रावण शंभरपट पातळ करून मोजलं तर दुसरा. पुस्तकातल्या सूत्राने हिशेब मांडला तर तिसराच येतो. दरवेळी दोष मीटरचा नसतो. ही गोची सव्वाशे वर्षांहून जुनी आहे.

स्वीडनचा रसायनशास्त्रज्ञ स्वांते अऱ्हेनियस याने १८८४ साली उप्सालाला प्रबंध दिला, तेव्हा परीक्षकांनी त्याला जेमतेम पास केलं. क्षार पाण्यात विरघळला की त्याचे भारित तुकडे सुटे होतात, हे त्याने १८८७ मध्ये स्पष्ट मांडलं. त्याच्या मते सगळेच रेणू मात्र फुटत नाहीत. काही फुटतात, काही अखंड राहतात, आणि द्रावण पातळ करत गेलं की फुटण्याचं प्रमाण वाढतं. ओस्टवाल्डने १८८८ मध्ये यावरून विरलनाचा (पातळ करण्याचा) नियम काढला. ॲसिटिक आम्लाला तो चपखल बसला. मीठ आणि हायड्रोक्लोरिक आम्ल यांना मात्र तो कधीच बसला नाही. याच अऱ्हेनियसला १९०३ साली नोबेल मिळालं, तरी मिठाचं कोडं होतं तिथेच राहिलं.

पुढची चाल कोपनहेगनहून आली, आणि १९०९ या एकाच वर्षी दोन बाजूंनी. कार्ल्सबर्गच्या प्रयोगशाळेत सोरेन्सनने सामूची मोजपट्टी आणली. तिचा आधार हायड्रोजन आयनांची संहती (लिटरमागे प्रमाण) हा होता. तिकडे नील्स ब्येरुम याने क्रोमियमच्या क्षारांचे रंग तपासले. द्रावण पातळ करूनही रंग बदलत नाही, हे पाहून त्याने सांगितलं की प्रबळ क्षार पूर्णच फुटतात. घट्ट द्रावणात विद्युतवहन अपेक्षेपेक्षा कमी भरतं ते आयन एकमेकांना ओढतात म्हणून, न फुटलेल्या रेणूंमुळे नव्हे.

इथे एका भारतीयाचं नाव घ्यायलाच हवं. कलकत्त्याच्या ज्ञानचंद्र घोष यांनी १९१८ मध्ये पूर्ण विघटन गृहीत धरून एक सिद्धान्त मांडला. द्रावणातही आयन स्फटिकासारखे रांगेत बसतात, ही त्यांची कल्पना टिकली नाही. पण डिबाय आणि ह्युकेल यांच्या १९२३ च्या लेखात तिची दखल आहे. आपल्या पाठ्यपुस्तकांत घोष यांचा उल्लेख क्वचितच दिसतो, ही मला उणीव वाटते. डिबाय-ह्युकेलने रांगा मोडल्या आणि प्रत्येक आयनाभोवती उलट भाराचं विरळ वलय कल्पिलं. लुईस आणि रँडल यांची १९२१ ची आयनी तीव्रता त्यांच्या गणितात नेमकी बसली. मर्यादा एकच होती: मूळ नियम खरा ठरतो तो लिटरला मोलच्या शंभराव्या भागापेक्षाही पातळ द्रावणात. आपला ड्रम त्याच्या कितीतरी पुढे आहे.

मग १९२६ मध्ये पूर्ण विघटनाचा पुरस्कर्ता ब्येरुमच आयन-जोडीची कल्पना घेऊन आला. विरुद्ध भाराचे दोन आयन ठरावीक अंतराच्या आत आले की त्यांना जोडी समजायचं. पाण्यात २५ अंशांना मिठासारख्या एकभारी आयनांसाठी हे अंतर ३.५७ अँगस्ट्रॉम (एक अँगस्ट्रॉम म्हणजे मीटरचा हजार कोटीवा भाग) येतं. ते इतकं थोडं आहे की तिथे जोड्या जवळपास धरायलाच नकोत. मॅग्नेशियम सल्फेटसारख्या द्विभारी आयनांना मात्र ते १४.३ अँगस्ट्रॉम होतं, आणि तिथे जोड्या विसरून चालत नाही.

याचा पुरावा समुद्राने दिला. दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास पाणबुड्या शोधताना लक्षात आलं, की खाऱ्या पाण्यात ध्वनी गोड्या पाण्यापेक्षा फार जास्त शोषला जातो. गुन्हेगार निघालं मॅग्नेशियम सल्फेट. मीठ विपुल असूनही निर्दोष. ध्वनीच्या दाबाने आयनांच्या जोड्या जुळतात-सुटतात आणि त्यात ऊर्जा खर्च होते. आयगेन आणि टाम यांनी १९६२ मध्ये या जोडीच्या पायऱ्याही वेगळ्या केल्या: मध्ये पाण्याचे दोन रेणू, मग एक, मग थेट स्पर्श.

त्याच वर्षी गॅरेल्स आणि थॉम्पसन यांनी समुद्राच्या पाण्यातल्या जोड्यांचा ताळेबंद मांडला. त्यांच्या हिशेबात कार्बोनेटपैकी जेमतेम दहावा हिस्सा मोकळा उरतो. बाकीचा मुख्यतः मॅग्नेशियमने आणि सोडियम-कॅल्शियमने धरलेला असतो. आम्ल-आम्लारी समतोलाची कळ इथेच आहे. कार्बोनेट धरलं गेलं की बायकार्बोनेट आपला हायड्रोजन लवकर सोडतं. त्याचा पीके (हायड्रोजन किती सहज सुटतो याचं माप; आकडा लहान तितका सहज) शुद्ध पाण्यात १०.३३ असतो, समुद्रात तो ८.९ च्या आसपास येतो. हा सगळा फरक जोड्यांचा नाही. काही वाटा आयनांच्या सर्वसाधारण ओढाताणीचा आहे, आणि कोणाचा वाटा किती यावर रसायनवाल्यांचं अजून एकमत नाही. पिट्झरने १९७३ मध्ये जोड्यांचं नावही न घेता समीकरणं बसवून दाखवली. मात्र द्विभारी क्षारांसाठी त्यालाही एक जादा पद घालावं लागलं! जोड्या मागच्या दाराने आल्याच, असं माझं मत.

मोजमापाकडे येऊ. मीटर ज्या बफरवर (ठरलेल्या सामूच्या द्रावणांवर) लावतो, त्यांची आयनी तीव्रता ०.१ च्या आतबाहेर असते. घट्ट द्रावणात इलेक्ट्रोडच्या सांध्यावरचा विद्युतदाब बदलतो, आणि मीटर तो गुमान सामूच्या आकड्यात मिळवून टाकतो. म्हणून १९७३ मध्ये हॅन्सन याने समुद्रासाठी कृत्रिम समुद्रजलातलेच बफर केले आणि वेगळी मोजपट्टी ठरवली. खताच्या ड्रमसाठी तसे बफर बाजारात मिळत नाहीत. विहिरीच्या क्षाराने ड्रीपर चोंदले की आम्ल सोडतात, तेव्हा जाणता माणूस ड्रममध्ये सामू पाहत बसत नाही. लॅटरलच्या (ड्रिपच्या बारीक नळीच्या) टोकाला जाऊन शेवटच्या ड्रीपरखाली सामूची पट्टी धरतो.