गोव्यात मृत्युपत्र करताय? आधी आपला वाटा मोजा

सावंतवाडीच्या मामांनी कागदावर मृत्युपत्र लिहिलं, दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या, काम झालं. तिकडे १९२५ चा भारतीय उत्तराधिकार कायदा आहे, चालतं. डिचोली-पेडण्यातली आमची माणसं तोच नमुना उतरवून घेतात आणि तिथेच फसतात.

पोर्तुगीज नागरी संहितेतून आलेले वारसाहक्काचे नियम आता गोव्याच्या २०१२ च्या उत्तराधिकार कायद्यात आहेत. तो २०१६ पासून लागू झाला. लग्नाआधी वेगळा करार केलेला नसेल तर नवरा-बायकोची मालमत्ता सामाईक धरली जाते, अगदी वडिलोपार्जित भाट, म्हणजे नारळाची बागसुद्धा. म्हणजे समजा, सगळं मिळून ८० लाखांचं आहे. त्यातले ४० लाख जोडीदाराचे. तुमच्या ४० लाखांपैकी निम्मे मुलांसाठी राखीव. मृत्युपत्रानं मनाप्रमाणे देता येतात ते उरलेले २० लाख! ‘सगळं धाकट्याला’ असं लिहिलं तरी थोरल्याचा राखीव वाटा बुडत नाही. मुलगा विचारत नाही, एवढ्या रागावर त्याला वगळता येत नाही. कायद्यानं सांगितलेलं कारण असावं लागतं आणि ते मृत्युपत्रात लिहावं लागतं. मुलीचा वाटा मुलाइतकाच. लग्नात सोनं घातलं म्हणून तो संपत नाही.

दुसरी चूक नोटरीची. कोर्टाबाहेर बसणाऱ्या वकील-नोटरीचा शिक्का इथे उपयोगाचा नाही. तालुक्याचे सब-रजिस्ट्रार हेच विशेष नोटरी असतात. मृत्युपत्र त्यांच्यासमोर त्यांच्या वहीत नोंदवायचं, किंवा बंद पाकिटातलं असेल तर त्यावर त्यांची मान्यता घ्यायची.

जाताना आधार, जन्मदाखला, लग्नाच्या नागरी नोंदणीचा दाखला, जमिनीचा एक-चौदाचा उतारा, खरेदीखत आणि घरपट्टीची पावती न्या. साक्षीदार सोबत हवेत. ज्याला काही मिळणार आहे त्याला साक्षीदार करू नका. नावांकडे नीट बघा: जन्मदाखल्यावर ‘गांवकर’, आधारवर ‘गावकर’ असेल तर आधी ते निस्तरा. एक-चौदावर अजून आजोबांचंच नाव असलेली घरं आमच्याकडे पुष्कळ. अशा वेळी आधी आजोबांच्या वारसांचा निकाल लावावा लागतो.

पुण्यातला फ्लॅट वेगळा राहील असं समजू नका. गोव्याचा अधिवास असलेल्यांच्या भारतातल्या सगळ्या मालमत्तेला गोव्याचाच वारसा कायदा लागतो, असं सर्वोच्च न्यायालयानं २०१९ मध्ये सांगितलंय.

मन बदललं तर मृत्युपत्र हयातीत कधीही रद्द करता येतं, तेही विशेष नोटरीसमोर.